पश्चिमेचा तुकडा

उदगीर
१२ डिसेंबर २०१५

ती. मामांना,
शिवकांताचे शरणार्थ.

कार्ड पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तुम्ही राजी नाही, म्हणून लिहिते.

हे गेले त्याला महिना होऊन गेला. दिवसांचं सगळं भाऊजींनी नीट केलं. जेवायला लोक पुष्कळ होते. भाजी पुरली.

धंदा बंद करणार का, असं विचारलंय तुम्ही. नाही करणार. लोकांच्या पडीक जमिनीवर देशी झाडांचं रान उभं करून द्यायचं, ससे, तितर, खोकड परत येतील असं. सहा वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो. रोपं माझी, लावणी त्यांची. रेणापूरच्या एका शाळेची तीन एकर जागा आहे, त्यांचं बोलणं चालू आहे. पण ती माणसं आधी आपल्या माळावरचं रान बघायला येणार. ते बघूनच सगळे हो म्हणतात. बियासुद्धा तिथल्याच लागतात, त्यामुळे ते रान आहे तोवर धंदा आहे.

विहीर आत्ताच तळाला गेलीय. आपला गडी पंढरी सायकलला घागरी बांधून झाडांना पाणी नेतो. मी ठीक आहे. जेवते.

तुमची
शिवकांता


बिलोली
२८ डिसेंबर २०१५

चि. शिवकांता,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. भाजी पुरली ते लिहिलंस, पंढरीच्या सायकलचं लिहिलंस. तुझं काय, ते लिहिलंच न्हाई. ‘ठीक आहे’ हे उत्तर आम्ही रेंजर साहेबाला द्यायचो, पाठीमागं वणवा लागलेला असताना. मला नको देऊ.

सोबत हिवराच्या बिया पाठवल्यात. गुडघ्यांनी दगा दिलाय, पण ओट्यावर बसून शेंगा फोडता येतात. बत्तीस वर्षं किनवटच्या जंगलात गार्ड होतो, हातांना सवय हाय.

वीरण्णा पहिल्यांदा माझ्याकडं आला होता ते आठवतं का? म्हणाला, मामा, मला निलगिरी न्हाई लावायची, जे झाड ह्या मातीत आपोआप आलं असतं तेच लावायचं. मी म्हटलं, अरे खुळ्या, आपोआप येणाऱ्या झाडाचे पैसे कोण देईल तुला? तर म्हणे, आपोआप यायला शंभर वर्षं लागतात, मी दहा वर्षांत करून देतो. लई हसलो त्या दिवशी. जावई वेडा मिळाला असं तुझ्या आईला मीच सांगितलं होतं. अन् मग त्याच्यासाठी बिया गोळा करत मीच रानोमाळ हिंडलो.

एक सांगतो. रानात जात जा. तिथंच तो तरवडाच्या शेंगा तोडता तोडता खाली बसला अन् गेला, मला ठाऊक हाय. तरी जा. अन् एका परातीत पाणी ठेव. पाखरांचे लई हाल हायत औंदा.

तुझा मामा
गुरुपादप्पा


उदगीर
६ फेब्रुवारी २०१६

ती. मामांना शरणार्थ.

हिवराच्या बिया भिजवून पेरल्या.

मलप्पा भाऊजी आले होते. उदगीर जिल्हा होणार म्हणून इथं रोज नवी बातमी असते. चहाच्या टपरीवर लोक टेबलावर पाण्याचं बोट फिरवून कलेक्टर ऑफिस कुठं येणार ते काढून दाखवतात. आपल्या माळाजवळून मोठा रस्ता जाणार म्हणे. खरं-खोटं कुणाला माहीत नाही, पण प्लॉटिंगवाले मात्र माळावर फिरून राहिलेत.

सासऱ्यांच्या नऊ एकरांची दोघा भावांत वाटणी राहिली होती. ती आता करायची आणि भाऊजी त्यांचा वाटा विकणार. त्यांना शहरात दुकान टाकायचंय, पोरींना चांगल्या शाळेत घालायचंय. ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

तुकडे दोन. पूर्वेच्या तुकड्यात विहीर आणि यांची समाधी. पश्चिमेच्या तुकड्यात रान. भाऊजी म्हणाले, “वहिनी, पाहिजे तो तुम्ही घ्या. राहील तो माझा.” मी म्हटलं, पूर्वेचा. ते म्हणाले, मला ठाऊकच होतं. चहा न घेताच गेले.

आपल्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, आणि मग ती माती सांभाळायची असते. प्लॉटिंगवाला समाधी ठेवणार नाही, सपाट करणार. तेव्हा दुसरा विचार करण्यासारखं काही नव्हतंच. रान त्यांच्या वाट्याला जाईल.

गल्लीत टँकर आठ दिवसांनी येतो.

शिवकांता


बिलोली
२० फेब्रुवारी २०१६

चि. शिवकांता,
आशीर्वाद.

बरोबर केलंस. समाधी सोडून बाईनं झाडं घेतली असं झालं असतं तर मठापासून मोंढ्यापर्यंत लोकांची तोंडं चालली असती. तू अजून चाळिशीची न्हाईस, त्यांच्यातच राहायचं हाय तुला.

पण धंद्याचं काय गं? बिया कुठनं आणशील? शाळावाल्यांना दाखवशील काय, विहिरीचे दगड? असो. त्याची फिकीर पुढं करू.

रान जाण्याआधी माझं एक काम कर. आत जाऊन एकेक झाड बघ. धावडा कसा हाय, सालई कशी, पळस, खैर, मेडशिंग, कोण केवढं झालं, सगळं लिहून पाठव. ह्यातली निम्मी झाडं माझ्या पिशवीतल्या बियांची हायत. मला येणं जमायचं न्हाई. तुझं पत्र वाचीन अन् समाधान मानीन.

मामा


उदगीर
१७ मार्च २०१६

ती. मामांना शरणार्थ.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल दिवसभर रानात होते. धावडा हिरवागार आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलाय. सालईला पानं गच्च आहेत. खैराची सावली पडते. पळस चांगला आहे. मेडशिंगही चांगली आहे. परातीत पाणी ठेवलंय, तितरं येतात. पंढरी रोज पाणी घालतो. काळजी नसावी.

लातूरला पाण्याच्या टाकीपाशी पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही असा हुकूम निघालाय. इथंही रांगेत आमची भांडीच उभी असतात. माझी निळी घागर कालपासून सतराव्या नंबरला आहे.

शिवकांता


बिलोली
२५ मार्च २०१६

शिवकांता,

आशीर्वाद शेवटी देईन.

मार्च महिन्यात धावडा हिरवागार? सालईला पानं गच्च? अगं, कुणाला सांगून राहिलीस तू हे? बत्तीस वर्षं मी ह्या झाडांखाली बसून भाकर खाल्ली. परवा होळी झाली. ह्या दिवसांत सालईच्या अंगावर एक पान सापडलं तर मी मिशी उतरवीन. अन् म्हणे पळस चांगला आहे! पळसाला आत्ता पानं नसतात, नुसतं फूल असतं, केशरी, डोळ्यात घुसणारं. ते ज्यानं बघितलं तो ‘चांगला’ एवढं लिहून गप बसत न्हाई.

तू रानात गेलीच न्हाईस. कधीपासनं गेली न्हाईस? खरं लिही.

मला राग आलाय, पण रागापरीस भ्याच जास्त वाटून राहिलंय. तुला मार्चमधला धावडा ठाऊक न्हाई असं थोडंच हाय? तू रोपं करणारी बाई. लिहिताना तुझं ध्यानच नव्हतं. खोटं बोलतानासुद्धा ध्यान नसावं माणसाचं, हे काय चांगलं लक्षण न्हाई पोरी.

आशीर्वाद.

मामा


उदगीर
८ एप्रिल २०१६

मामा,

नाही गेले. समाधी दिली त्या दिवशी माळावरून परत आले ती आलेच. पाच महिने झाले. पंढरी जानेवारीत बायको-पोरं घेऊन पुण्याला कामाला गेला. इथं पाणीच नाही तर राहून काय करणार? त्याला मीच जा म्हटलं. तेव्हापासून झाडांना कुणी थेंबभर पाणी घातलेलं नाही. परातही ठेवली नाही. सगळं खोटं लिहिलं.

मला काही वाटत नाही, मामा. तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते. सकाळी उठते, घागर रांगेत लावते, भाकरी करते, खाते. लोक यांचं नाव काढून रडतात, मी त्यांच्याकडे बघत बसते. त्यांना वाटतं मोठी धीराची आहे. कसला धीर? आत काही हलतच नाही. रानात गेले आणि तिथंही काही वाटलं नाही, तर मग काय उरलं? तेवढी एकच भीती वाटते. म्हणून जात नाही.

मागच्या आठवड्यात एसटीतून जाताना दिसलं. सगळं करडं. दरसालची पानगळ मला कळते. पण तेव्हा विहिरीत पाणी असायचं. औंदा माणसांना प्यायला नाही, झाडं कुठून जगणार? मेलं ते रान.

भाऊजींनी दिवस ठरवलाय. बसवजयंती झाली की दुसऱ्या दिवशी वाटणीचा कागद, आणि त्या आठवड्यात त्यांच्या तुकड्याची विक्री. मेलेलंच जाणार आहे. तुम्हीही वाईट वाटून घेऊ नका.

शिवकांता


बिलोली
१९ एप्रिल २०१६

चि. शिवकांता,
अनेक अनेक आशीर्वाद.

मी परवा उदगीरला येऊन गेलो.

ओरडू नकोस, ऐकू येत न्हाई मला. बिलोलीहून देगलूर, देगलूरहून उदगीर. कंडक्टर काहीतरी विचारत होता, मी दर वेळी “उदगीर” म्हणत होतो. शेवटी कळलं, तो सुट्टे मागत होता. त्यानं हात जोडले अन् उरलेले पैसे परत दिले. तुझ्या घरी मुद्दाम आलो न्हाई. आलो असतो तर तू चहा केला असतास अन् माळावर जाऊ दिलं नसतंस. रिक्षा करून थेट रानात गेलो अन् तीन वाजेपर्यंत तिथंच होतो. काठी होती, पाण्याची बाटली होती. तेव्हा त्यावरनं भांडण नको.

वरून बघितलं तर तू म्हणतेस तसंच दिसतं. पान न्हाई. पण आम्ही गार्ड लोक उन्हाळ्यात झाड वरून बघत न्हाई. अंगठ्याच्या नखानं फांदीची साल खरवडायची. खाली हिरवं ओलसर लागलं तर झाड जितं, तपकिरी कोरडं लागलं तर गेलं. गुडघ्यांनी हिंडू दिलं तेवढं हिंडलो. शंभर झाडं खरवडली. एकोणीस गेलीत. बाकीची जिती हायत, शिवकांता. एक मेडशिंग तर फुललीय, पांढरी फुलं आलीत तिला.

तू पाणी घातलं न्हाईस म्हणून काही बिघडलं न्हाई. सहा वर्षांची मुळं हायत. पाणी मागणारं झाड मी लावणारच न्हाई असं वीरण्णा म्हणायचा, तेव्हा मला ती बढाई वाटली होती. बढाई नव्हती.

धावड्यांच्या मधे खोकडाचं बीळ हाय. ताजी माती उकरलेली, भोवती बोराच्या आठळ्या पडलेल्या. मी वाकून वास घेतला. आत पिल्लं असावीत. औंदा अख्ख्या माळावर दुसरीकडं कुठं सावली न्हाई, ते तरी कुठं जाणार?

मग पूर्वेला समाधीवर गेलो. नमस्कार केला, बसलो. एक दगड अन् वाळलेली बेलाची पानं. लई वेळ बसलो पण वीरण्णा काही तिथं हाय असं वाटलं न्हाई मला. माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतो आपण. जन्मभर म्हणत आलो. म्हणजे तो तिथं मातीत बसून राहिलेला न्हाई, असाच ना त्याचा अर्थ?

आता माझी चूक कबूल करतो. जानेवारीत मलप्पा माझ्याकडं बिलोलीला आला होता. म्हणाला, “मामा, वहिनीला पूर्वेचा तुकडा घ्यायला सांगा. दादाची समाधी माझ्या हातानं विकायची पाळी नको.” मी हो म्हटलं. तुला ‘बरोबर केलंस’ लिहिलं ते त्यापायी. तुझं भलं बघून न्हाई, लोकांना भिऊन. ते पत्र फाडून टाक.

कोणता तुकडा घे ते मी आता सांगणार न्हाई. फक्त एकदा जा अन् एक झाड तुझ्या हातानं खरवड. काही वाटलं न्हाई तर न्हाई. तसं मला लिही.

मामा


बिलोली
२० मे २०१६

चि. शिवकांता,

बसवजयंती होऊन अकरा दिवस झाले. तुझं पत्र न्हाई. शेजारच्या माणिकप्पाला सांगून मलप्पाला फोन लावला, तो उचलत न्हाई. तुझा लावला, तूही उचलत न्हाईस. काय झालं ते एका ओळीत तरी कळव. रात्री झोप येत न्हाई.

मामा


उदगीर
५ जून २०१६

ती. मामांना,
शिवकांताचे शरणार्थ.

उशीर झाला, माफ करा. फोन बंद करून ठेवला होता. लोक फार बोलत होते.

तुमचं एप्रिलचं पत्र आलं त्या दिवशी गेले नाही. पुढचे चार दिवसही गेले नाही. पाचव्या दिवशी भाकरी बांधून घेतली आणि गेले. हे जिथं बसले होते तिथंच आधी गेले. तरवड तसाच उभा आहे. शेजारच्या धावड्याची फांदी धरली आणि खरवडली. हिरवं लागलं. दुसरं झाड बघितलं, हिरवं. तिसरं बघितलं. मग काय झालं मला कळलंच नाही, मोठमोठ्यानं रडायला लागले. मामा, मला ह्यांचा एवढा राग आला! अर्ध्या शेंगा तोडायच्या आणि न सांगता निघून जायचं, ही काय रीत झाली? असं मी मोठ्यानं बोलले, नाव घेऊन बोलले. ऐकायला कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिथंच होते. भाकरी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना सांगितलं, मी पश्चिमेचा तुकडा घेते. त्यांना वाटलं माझी चूक होतेय. “वहिनी, पश्चिमेला झाडं हायत. समाधी पूर्वेला हाय.” मी म्हटलं, ठाऊक आहे. ते उभे होते ते खालीच बसले. “मग दादाला मी विकू का?”

मी म्हटलं, “भाऊजी, तुमचे दादा तिथं न्हाईत. त्यांनी लावलेलं रान जितं हाय आणि ते मी मेलं म्हणून सोडून देत होते. पूर्वेचा तुकडा तुमचा. विका, न्हाईतर ठेवा. मी अडवणार न्हाई.”

ते आठ दिवस घराकडे फिरकले नाहीत. मठातले अय्या घरी येऊन समजावून गेले. सासरच्या नागम्मा आत्या आल्या आणि तोंडावर म्हणाल्या, नवरा विकून झाडं घेणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. मला लागलं ते. फार लागलं. आणि लागलं ह्याचंच मला नवल वाटलं. त्या गेल्यावर दार लावून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही.

कागद ठरल्या दिवशीच झाला. भाऊजींनी पूर्वेचा तुकडा विकला. त्यांना दोष देऊ नका. मी माझं निवडलं, त्यांनी त्यांचं.

अठ्ठावीस मेला जेसीबी आला. मी माझ्या बाजूला झाडांत उभी होते. भाऊजींनी ड्रायव्हरला थांबवलं. खोरं घेतलं आणि समाधीवरची माती स्वतः काढली. चार घमेली भरली, एकेक करत बांध ओलांडून आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. मला वाटलं आता म्हणतील, इथं दुसरी समाधी बांधा. पण टॉवेल तोंडाला लावून निघून गेले. मग जेसीबीनं पाच मिनिटांत सगळं सपाट केलं. मी डोळे मिटले नाहीत. ते आपण बघायला पाहिजे असं मला वाटलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं.

दुसरी समाधी मी बांधली नाही. आठवडाभर ती माती अंगणात गोणपाटाखाली होती. जाता-येता मी तिला वळसा घालून जात होते. काल सकाळी गोणपाट काढलं, मातीत वाळू आणि शेणखत कालवलं, आणि रोपांच्या पिशव्यांत भरली. मधेच दोनदा उठून तोंड धुऊन आले. पण संपवलं. अठ्ठावीस पिशव्या झाल्यात. वेगळ्या ठेवल्यात.

शाळावाल्यांना आषाढात बोलावलंय. त्यांनी हो म्हटलं की ही झाडं त्यांच्याकडे लावणार आहे, तीन एकर रानात. कुठल्या पिशवीतलं कुठं लावलं ते मी लिहून ठेवणार नाही.

त्यात काय पेरू ते कळवा.

तुमची
शिवकांता